विसणाचं पाणी

पिंपळीची ती गाडी मी घालवली. गावात चार माणसं बसली आणि जुन्या गाड्यांचा विषय निघाला, की माझ्या दाजींनी नको तो खटाटोप केला आणि त्यापायी इंजिन फुटलं, असं लोक सांगायचे. कितीतरी वर्षं मी ते ऐकून घेतलं. मान खाली घालून चहा पीत राहिलो. खरं काय झालं ते ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो मी होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पिंपळीला आक्काकडे राहायला आलो. आमच्या गावाकडे पाण्याचा पत्ता नव्हता आणि मला घरी करण्यासारखं काही नव्हतं. आक्काचं सासर बागायती. नीरेच्या कालव्याचं पाणी, विहिरीवर तेलाचं इंजिन, मळ्यात वांगी, टोमॅटो, मेथी, बांधाला पेरू. बायकोचा भाऊ घरी येऊन राहिला तर चार दिवसांनी माणसं कुजबुजायला लागतात. त्या घरात मला कधी कुणी परकं म्हटलं नाही. पहिल्या दिवशी जेवताना दाजी एवढंच म्हणाले, "पावणं, इंजिनावर बसून जेवायची तयारी हाय का? माझ्या हाताखाली आलेला माणूस हात काळं केल्याबगार जेवत न्हाय." आक्का लगेच म्हणाली, "त्याला भाकरी तर खाऊ द्या आदी." सगळे हसले. मी पण हसलो. माझं आयुष्य त्या हसण्यापासून नीट सुरू झालं, असं मला वाटतं.

दाजींना इंजिनांचं वेड होतं. शाळा फार नाही, पण विहिरीवरचं इंजिन बिघडलं की आसपासच्या वस्त्यांतून त्यांनाच बोलावणं यायचं. हातात पाना घेतला की जेवणाची शुद्ध राहायची नाही. याच वेडापायी त्यांनी पुण्याहून एक जुनी व्हॅन आणली. लढाईच्या काळात जखमी माणसं नेणारी, लष्करानं लिलावात काढलेली. बाजूच्या लाल फुलीवर रंग मारला होता तरी कडक उन्हात ती खालून दिसायची. मूळ इंजिन पार निकामी झालेलं. दाजींनी बारामतीच्या एका मिस्त्रीला हाताशी धरून त्यात मालट्रकचं मोठं इंजिन बसवलं. आतली बाकडी काढून पाट्या आणि पोती राहतील अशी फळ्यांची सोय केली. गावचा भाजीपाला इंदापूरच्या आणि बारामतीच्या बाजाराला बैलगाड्यांनी जायचा. आदल्या संध्याकाळी जुंपायचं आणि मेथी तिथं पोचेपर्यंत माना टाकायची. ही व्हॅन तो माल तोडलेल्या दिवशीच पोचवणार होती.

पण गाडी तापायची. इंजिन मोठं आणि पुढचा रेडिएटर जुन्या लहान इंजिनाचा. बॉनेटखाली वाऱ्याला शिरायला जागा नाही. गावाची वेस ओलांडली नाही तोच वाफ शिट्टी घालायला लागायची. आम्ही बॉनेटचे दोन्ही पत्रे काढून ठेवले, पुढं ओलं गोणपाट बांधलं, पंख्याची पाती वाढवली. थोडा फरक पडला, पण माल भरून चढाला लागलो की पुन्हा तेच. रस्त्यानं जाणारे गाडीवान बैलांचा वेग कमी करून मुद्दाम विचारायचे, "काय दाजी, च्या ठिवला का?"

तोड दाजींना विहिरीवर सापडली. तिथलं तेलाचं इंजिन दिवसभर चालायचं आणि तापायचं नाही, कारण त्याच्या शेजारी पाण्याची टाकी होती. ऊन पाणी हलकं होऊन वरच्या नळीनं टाकीत चढायचं, गार झालेलं खालच्या नळीनं परत इंजिनात यायचं. "हीच टाकी गाडीत न्यायची," दाजी म्हणाले. ड्रायव्हरच्या पाठीमागं लाकडी घोडी ठोकून त्यांनी एक लोखंडी टाकी उंचावर बसवली आणि ती नळ्यांनी इंजिनाला आणि रेडिएटरला जोडली. टाकीला वर तोंड, खाली तोटी. आतल्या बाजूनं वरच्या नळीच्या थोडी वर त्यांनी लाल रंगाची रेघ ओढली. "पाणी हिच्या खाली गेलं की नळीचं तोंड उघडं पडतंय. मग पाणी फिरायचं थांबलं. मग इंजिन म्हंजी नुसती चूल," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

टाकीतलं पाणी गाडी चालली की चांगलं कढत व्हायचं. त्यामुळे गाडीला नाव पडलं बंबगाडी. आमच्या घरी मागच्या दारी तांब्याचा बंब होता. त्याची रीत सगळ्या घराला माहीत. आधी वरून गार पाणी ओतायचं, मग तोटीतून ऊन घ्यायचं. ओतल्याशिवाय काढलं तर बंब करपतो. दाजींनी गाडीला तीच रीत लावली. वाटेत कुणी ऊन पाणी मागितलं, तर त्यानं आधी आपली बादली टाकीत ओतायची. बाजारात थंडीच्या दिवसांत भाजीवाल्या बायका हात धुवायला तांब्याभर पाणी मागायला यायच्या, आणि प्रत्येकीच्या हातात गार पाण्याचा तांब्या आधीच भरलेला असायचा. शिवाय गाडीत पाण्यानं भरलेले दोन डबे कायम असत. ते फक्त टाकीचे. त्यांना तहानेलाही हात लावायचा नाही.

आक्काचाही त्या टाकीवर जीव होता. विहिरीचं पाणी जड, आत पांढरा थर धरायचं. महिन्या दोन महिन्यांनी ती चिंच कालवून टाकी आतून घासायची, आणि डब्यांत पाणी भरताना लुगड्याचं जुनं फडकं दुपदरी करून गाळायची. "मला पितळंची भांडी घासायला येळ न्हाय आन् ह्यांच्या गाडीला आंघूळ घालतीया," असं म्हणत म्हणत करायची.

मला गाडी दाजींनीच शिकवली. कालव्याच्या बांधावरचा रस्ता, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस. मी घाबरलो की ते म्हणत, "कालव्यात घाल हवं तर. निदान गार तरी ऱ्हाईल." गाडीला तापमान दाखवणारा काटा नव्हता. टाकीच्या पत्र्यावर तळवा टेकवायचा आणि सावकाश "पांडुरंग पांडुरंग" म्हणायचं. म्हणून संपेपर्यंत हात राहिला तर पुढं चला. चटका बसून मधेच काढावा लागला तर सावलीला थांबा. पुढं मी आयुष्यभर गाड्या चालवल्या, काटे असलेल्यासुद्धा. पण थांबल्यावर माझा हात आधी पत्र्याकडे जातो.

दाजींचे वडील, आबा, यांना ही गाडी कधी पसंत नव्हती. ते वाईट माणूस नव्हते. गावातल्या माळकरी, कष्टाळू लोकांचा माल आपल्या पोराच्या भरवशावर जाणार, याची त्यांना भीती होती. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "लोकांचा माल भरलेली गाडी एकदा जरी वाटंत बसली, तर मी ती भंगारात घालीन. मग माज्याशी बोलायचं न्हाय." दाजींनी कबूल केलं. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न गाडीचा नव्हताच. आपण डोक्यानं उभं केलेलं काम आपल्या बापासमोर खरं ठरावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. सबंध उन्हाळा गाडी एकदाही बसली नाही. वैशाखात माल भरून इंदापूर गाठलं आणि परत आलो, त्या दिवशी आबांनी टाकीवर हात ठेवून पाहिला आणि आत गेले. दाजी मला हळूच म्हणाले, "बघितलं का? म्हातारं हात लावून गेलं." तेवढा आनंद झालेला माणूस मी पुन्हा फार क्वचित पाहिला.

आता माझी गोष्ट. भवानीनगरला साखर कारखाना नवा नवा होता. गाड्या, ट्रॅक्टर, स्टोअर, शिस्तीत वाजणारा भोंगा. इंदापूरला जाताना आम्ही तिथं चहाला थांबायचो. तिथल्या ड्रायव्हरांचे खाकी कपडे बघून माझ्या मनात यायचं, आपणही इथं लागावं. यात चूक काही नव्हतं. दाजींना सांगितलं असतं तर त्यांनीच चार लोकांना भेटवलं असतं. पण मी ते लपवलं. त्यांच्या घरी जेवत असताना मला दुसरीकडे जायचंय, हे सांगायची लाज वाटली. गाड्यांच्या खात्यात असलेल्या एका साहेबांशी मी ओळख वाढवत होतो. पाट्यांतली दोन वांगी, चार पेरू त्यांच्या दारात ठेवत होतो. हे सगळं दाजींच्या पाठीमागं.

पौषातली सकाळ होती. कडाक्याची थंडी. गाडी माल भरून निघाली होती. बरोबर गावचे एक म्हातारे बागायतदार होते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. दाजी त्या दिवशी मळ्यात अडकले होते आणि गाडी पहिल्यांदाच एकट्या माझ्या हाती दिली होती. भवानीनगरला तात्या चहाच्या टपरीकडे गेले आणि मी गाडी साहेबांच्या बिऱ्हाडाकडे वळवली. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गावाकडून पाहुणे आलेले, सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या, आणि सरपण ओलं म्हणून चूल पेटत नव्हती. साहेबांची आई दारात उभी राहून कुरकुरत होती. मला बघून साहेब म्हणाले, "अरे, तुझ्या गाडीत ऊन पाणी असतं म्हणे?"

मी तोटी सोडली. एक बादली, मग आणखी एक. म्हातारीनं बोट बुडवून हात झटकला. "अगबाई, कातडं सोलायचं का माझं? विसणाला गार कुठंय?" वस्तीच्या नळाला पाणी आलेलं नव्हतं. घरातले हंडे सोवळ्यात पूजेसाठी भरून ठेवलेले, त्यांना कुणी हात लावू देईना. मी गाडीतला डबा उचलला आणि तिच्या बादलीत ओतला. मग दुसरा. आक्कानं फडक्यातून गाळून दिलेलं टाकीचं पाणी साहेबांच्या पाहुण्यांच्या आंघोळीला विसण म्हणून गेलं. म्हातारी खूश झाली. "गुणाचा आहे हो मुलगा," ती साहेबांना म्हणाली. साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येऊन भेट."

मी टाकीत वाकून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रेघ उघडी दिसली असती, म्हणूनच पाहिलं नाही, असं आज वाटतं. पुढं कालव्याच्या चारीला पाणी असेल तिथं भरू, अशी मनाची समजूत घातली आणि तात्यांना घेऊन निघालो. वाटेत चारी लागली तेव्हा बाजाराला उशीर होतोय म्हणून थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात काय कपडे घालून जायचं, याचा मी विचार करत होतो.

लासुर्ण्याच्या पुढं इंजिनातून ठोके यायला लागले. वाफ नाही, नुसता करपल्याचा वास. तात्या मागून म्हणाले, "आरं, कुणाचं काय जळतंय?" आणि गाडी जागच्या जागी गपकन थांबली. मी उतरलो, टाकी उघडली. तळाला पाणी होतं, पण नळीचं तोंड कोरडं होतं. त्या वेळी गप्प बसलो असतो, इंजिन आपोआप निवू दिलं असतं, तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. पण मला एकच सुचलं. टाकी भरायची. रस्त्याकडेच्या चारीतून डबे भरून आणले आणि लालभडक झालेल्या इंजिनात ते गार पाणी नळीतून सोडलं. कडकन आवाज झाला. लोखंडाला तडा गेल्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

तात्यांनी सायकलवरून पिंपळीकडे जाणाऱ्या एकाजवळ निरोप दिला. दाजी येईपर्यंत बराच वेळ होता. तड्यातून पाणी थेंब थेंब झिरपत होतं आणि टाकीतली पातळी खाली येत होती. मी पुन्हा पुन्हा चारीवर गेलो आणि टाकी रेघेच्या वर भरून ठेवत राहिलो. तात्यांना वाटलं, पोरगं गाडी वाचवायला धडपडतंय. त्यांनी मला शाबासकी दिली आणि मालासाठी बैलगाडी बघायला ते लासुर्ण्याकडे गेले. या लबाडीचा मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप होतो. इंजिन फुटलं ते घाईत आणि अजाणतेपणी. टाकी मात्र मी समजून उमजून भरली.

दाजी सायकलवरून आले, घामानं भिजलेले. मला लागलं तर नाही ना, हे आधी विचारलं. मग टाकीत वाकून पाहिलं. पाणी रेघेच्या वर होतं.

"निगाल्यापास्नं भरल्यालीच हुती?"

"व्हय, दाजी."

"डबं?"

"टाकीतच घातलं."

ते रस्त्याच्या कडेला बसले. तड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी माझंच चुकलं. टाकी भरल्याली असून बी फुटलं, तर माझंच डोस्कं कमी पडलं." मी समोर उभा होतो. रिकामे डबे उचलून गाडीत ठेवले.

माल मिळेल त्या बैलगाडीनं पुढं गेला. मेथी फुकट गेली. बंबगाडी बैलांनी ओढून घरी आणली, आणि वाटेवर एकानं हाक मारलीच, "दाजी, बंबात लाकडं घालायची ऱ्हायली जनू!" आबांनी शब्दाप्रमाणे गाडी भंगारात घातली. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. दाजीही भांडले नाहीत.

पण त्या दिवसापासून दाजींनी इंजिनाला हात लावायचं सोडलं. विहिरीवरचं इंजिन बिघडलं तर बारामतीहून मिस्त्री बोलवायचे. शेजारच्या वस्तीवरून कुणी आलं तर म्हणायचे, "मला नगा इचारू. माझ्या हातानं एक गाडी फुटलीया." मस्करीत म्हटल्यासारखं म्हणत, पण उठून मात्र जात नसत. आक्का एकदा मला म्हणाली, "त्यास्नी झालंय काय ते मला कळंना. पाने गंजाय लागल्यात." मी उठून गोठ्याकडे गेलो.

मला कारखान्यात नोकरी लागली. ऊन पाण्याच्या बादल्यांनी लागली, हे मी कुणाला सांगितलं नाही. दाजी मात्र पहिल्या दिवशी भवानीनगरला आले. माझ्या ट्रकला त्यांनी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. पुढं माझं लग्न त्यांनी पुढाकार घेऊन केलं. माझं घर उभं राहिलं त्याच्या पायाला त्यांच्या मळ्यातले दगड आहेत. मी आजारी पडलो तेव्हा आक्का रोज कुणाच्या ना कुणाच्या हाती डबा धाडायची. त्या माणसांनी माझ्यासाठी काय केलं ते लिहायला बसलो तर हात थांबणार नाही. आणि मी देवाचे जितके आभार मानले तितकं ते ओझं वाढत गेलं, कारण ज्यांचे आभार मानायचे त्यांच्यापासूनच मी एक गोष्ट लपवली होती.

ती सांगायची वेळ माझ्या भाच्यानं आणली. दाजींचा मुलगा आता कर्ता झाला होता. त्यानं विहिरीवर नवं, जास्त ताकदीचं इंजिन बसवलं होतं आणि ते दुपारी तापत होतं. मी सुट्टीला पिंपळीला गेलो होतो. आम्ही तिघं विहिरीवर उभे होतो. भाच्यानं वडलांना विचारलं, "दादा, टाकी उंच घ्यावी का नळी मोठी टाकावी?" दाजींनी इंजिनाकडे एकदा पाहिलं. त्यांचे डोळे क्षणभर नळीवरून टाकीवर आणि टाकीवरून परत खाली फिरले. उत्तर त्यांना आलं होतं, मला दिसलं. तोंडात आलेलं उत्तर त्यांनी गिळलं. म्हणाले, "मिस्त्रीला बोलीव. माझ्या डोस्क्यानं एकदा फशिवलंय मला."

मला ते सहन झालं नाही. मुलासमोर त्यांनी असं म्हणावं, आणि मी शेजारी उभा राहावं.

मी म्हणालो, "दाजी, त्या दिवशी टाकी भरल्याली न्हवती."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी भवानीनगरचं सगळं सांगितलं. साहेब, त्यांची आई, विसणाला ओतलेले डबे, नोकरी. नंतर चारीवरून पाणी आणून टाकी भरत बसलो, तेही सांगितलं. भाचा इंजिन बंद करून ऐकत होता. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"वरच्या नळीच्या खाली गेलं हुतं पानी?"

"पार खाली, दाजी."

त्यांनी मान हलवली, आणि खाली वाकून त्या नव्या इंजिनाची नळी बोटांनी चाचपली.

मी पुढं झालो, मुलाच्या समोरच त्यांचे पाय धरले आणि म्हणालो, "दाजी, तुमची टाकी बरुबर हुती. पयल्यापास्नं बरुबर हुती. चूक माजी हुती, आन् ती मी तुमच्या अंगावर ढकलली. तुमी मला घर दिलं आन् मी तुमचा हात मोडला. मला माफ करा."